अनाथोथचे शेत आणि गिरणगावातील शाळा

(चिंतनासाठी वाचन : यिर्मया ३२ : १-१५, योहान ६ : १-१३)



यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील बत्तिसावा अध्याय व्यवहारी माणसाला बुचकळ्यात टाकणारा आहे. यरुशलेमेभोवती बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. आज ना उद्या नगर शत्रूच्या हाती जाणार, हे स्वतः यिर्मयानेच लोकांना सांगितले आहे आणि त्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल त्याच्याकडे येतो आणि अनाथोथ गावातील आपले शेत विकत घेण्याची गळ घालतो. नगराबाहेरचा मुलूख शत्रूच्या पायाखाली तुडवला जात असताना शेत कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपे तो तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, आणि ते खत मातीच्या मडक्यात घालून जपून ठेवण्यास बारूखला सांगतो. ह्या देशात पुन्हा घरेदारे, शेते, द्राक्षमळे यांची खरेदीविक्री होईल, असे परमेश्वराचे अभिवचन त्या मडक्यात ठेवलेले असते.

ह्या व्यवहारातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की यिर्मयाने संकट नाकारले नाही. नगर पडणार हे त्याने स्पष्ट सांगितले. दुसरी, त्याने नुसता आशेचा उपदेश केला नाही, तर स्वतःच्या गाठीची रक्कम मोजली. आणि तिसरी, त्याने हा व्यवहार चारचौघांत, साक्षीदारांच्या देखत केला. खताची एक प्रत मोहोरबंद होती आणि दुसरी उघडी होती. सत्य, किंमत आणि साक्षीदार ह्या तीन शब्दांच्या उजेडात आपण आज एका प्रश्नाकडे पाहू या. ओसरत चाललेल्या औद्योगिक शहरांतील आपल्या कॅथलिक माध्यमिक शाळांचे पुढे काय, हा तो प्रश्न आहे.

ओसरलेले गिरणगाव

हा प्रश्न एका शहरापुरता नाही. नागपूरची एम्प्रेस मिल गेली, सोलापूरची जुनी मिल गेली, कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. जेथे जेथे भोंगा थांबला, तेथे तेथे त्या भोंग्याच्या आधारे उभी राहिलेली वस्ती विरळ होऊ लागली. पण मराठी भाषकांना सर्वांत परिचित असलेले उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे आहे, म्हणून तेच घेऊ.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली घातला. पुढील सव्वाशे वर्षांत भायखळा, माझगाव, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी हा सारा परिसर गिरण्यांच्या चिमण्यांनी भरून गेला. कोकण, घाट आणि देशावरून आलेल्या कामगारांबरोबर गोवा आणि मंगळूरहून आलेली ख्रिस्ती माणसेही येथे राहिली. अहमदनगरकडील मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये कामास लागले. त्यांच्या मागोमाग, आणि पुष्कळदा त्यांच्या आधीही, ख्रिस्तसभेच्या शाळा उभ्या राहिल्या. येशूसंघीयांची माझगावची सेंट मेरीज १८६४ सालची. भायखळ्याला ग्लोरिया चर्चच्या सावलीत अँटोनिओ डिसूझा, सातरस्त्याला सेंट इग्नेशियस, हिंदमाताजवळ सेंट पॉल्स ही नावे त्या भागातील कोणत्याही जुन्या रहिवाशाला विचारावीत. तो ख्रिस्ती असो वा नसो, त्याच्या घरातील कोणी ना कोणी त्यांपैकी एखाद्या शाळेत शिकलेले असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही विरू लागले. २००१ साली गिरण्यांच्या जमिनीविषयीचा नियम बदलला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलास मान्यता दिली आणि चिमण्यांच्या जागी मनोरे चढू लागले. जनगणनेचे आकडे ही कथा थोडक्यात सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराने बारा लाखांचा आकडा ओलांडला होता. माणसे नाहीशी झाली नाहीत, ती लोकलच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकली. परळची खोली विकून नालासोपाऱ्याला, भायखळ्याची विकून मीरा रोडला, चिंचपोकळीची विकून डोंबिवलीला असा हा प्रवास झाला. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती. ज्या धर्मग्रामातील बाकांवर तीन पिढ्या बसल्या, तेथून चौथी पिढी निघून गेली.

सत्य

यिर्मयाचा पहिला धडा सत्याचा आहे. आपल्या अनुदानित शाळेचे गणित कसे चालते, हे पुष्कळ श्रद्धावंतांना ठाऊक नसते. शिक्षकांचे वेतन शासन देते. पण किती शिक्षकांचे द्यायचे, हे दरवर्षीच्या संचमान्यतेत विद्यार्थ्यांच्या पटावरून ठरते. पट घटला की तुकडी कमी होते. तुकडी कमी झाली की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. तो गेला की विज्ञान किंवा गणित शिकविणारे अनुभवी माणूस शाळेतून जाते. ते गेल्याचे पाहून आणखी चार पालक आपली मुले काढून घेतात. असे हे चक्र फिरत राहते. इमारत मात्र तीच राहते. तिचे छप्पर पावसाळ्यात गळायचे थांबत नाही, आणि त्या दुरुस्तीस पुरेल एवढे वेतनेतर अनुदान हाती येत नाही.

ह्यात आपलाही वाटा आहे. ज्या कॅथलिक पालकांना थोडी सुस्थिती लाभली, त्यांनी आपली मुले अन्य मंडळांच्या, मोठ्या शुल्काच्या शाळांत घातली. पालकाने आपल्या मुलाचे भले पाहू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या शाळेने आपल्याला शिडी लावून दिली, ती शिडी आपण चढून गेल्यावर आपोआप उभी राहील, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे.

आज ह्या शाळांत कोण शिकते? घरकाम करणाऱ्या स्त्रियांची, टॅक्सीचालकांची, पहारेकऱ्यांची, फेरीवाल्यांची मुले येथे येतात. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची येतात. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत साचे चालविले आणि ज्यांच्या वडिलांना कायमची नोकरी कधी मिळाली नाही, अशा मराठी घरांतील मुलेही येथेच बसलेली असतात. ह्यांतील बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. मग काही जण विचारतात, ‘आपली मुले नाहीत, तर आपण शाळा कशासाठी चालवावी?’

ह्या प्रश्नास ख्रिस्तसभेने पूर्वीच उत्तर दिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणासंबंधी जे घोषणापत्र प्रसृत केले, त्याच्या नवव्या परिच्छेदात कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कोणाची घ्यावी हे सांगितले आहे. जे ऐहिक दृष्ट्या दरिद्री आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार व प्रेम मिळत नाही, आणि ज्यांना विश्वासाचे वरदान लाभलेले नाही, त्यांची. गिरणगावातील आजच्या वर्गांत नेमकी हीच मुले बसलेली आहेत. तेव्हा आपल्या शाळा रिकाम्या होत आहेत असे म्हणताना थोडे थांबावे. त्या आपल्यापासून रिकाम्या होत आहेत, आणि ज्यांच्यासाठी त्या असाव्यात असे विश्वपरिषदेने सांगितले, त्यांनी भरत आहेत.

तीन वाटा

अशा शाळेपुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट मोहाची आहे. शाळा ज्या जमिनीवर उभी आहे, त्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. इमारत पाडावी, मनोरा बांधावा, त्यात एक मजला शाळेला ठेवावा, किंवा शाळेचेच रूप पालटून ती भरमसाट शुल्काची करावी. हिशेब बिनचूक बसतो. पण त्या मनोऱ्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची मुलगी मग कोठे शिकणार? आपल्या पूर्वजांनी, परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी आणि महिन्याच्या पगारातून चार आणे बाजूला काढणाऱ्या गरीब श्रद्धावंतांनी ती जमीन ख्रिस्तसभेच्या स्वाधीन केली, ती कोणासाठी? राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क सेवेचे साधन आहे. त्याला मिळकतीचे साधन करणे म्हणजे मोठा विश्वासघात होय.

दुसरी वाट स्थलांतराची आहे. तिला सरसकट नावे ठेवता येणार नाहीत. तंजावर आपणा मराठी भाषकांस परके नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. तंजावरहून पापनाशम, कुंभकोणम ह्या मार्गाने कावेरीकाठची भातशेती पाहत समुद्राकडे गेले, की नागपट्टणम् लागते. तेथे येशूसंघीयांनी १८४४ साली सेंट जोसेफ कॉलेज सुरू केले. १८८३ साली त्यांनी ते तिरुचिरापल्लीस हलविले. नागपट्टणम्‌च्या लोकांना त्या वेळी वाईट वाटलेच असेल. पण तिरुचिरापल्लीस त्या संस्थेने जे कार्य केले ते सर्वज्ञात आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तेथेच शिकले. आपली भायखळ्याची ग्लोरिया माताही मूळची माझगावची. तेथील सतराव्या शतकातले मंदिर गेले आणि १९१३ साली आजचे भव्य मंदिर उभे राहिले. म्हणून माणसे विरारला गेली असतील, तर विरारला शाळा काढणे हे कर्तव्यच आहे. मात्र हलताना मागे कोण राहिले, हे वळून पाहिले पाहिजे. जे जाऊ शकले ते गेले. जे मागे राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांना जाणेही परवडले नाही.

तिसरी वाट यिर्मयाची आहे. नगर ओसरत असताना तेथेच शेत घ्यायचे. म्हणजे मागे राहिलेल्यांसाठी शाळा चालू ठेवायची. ती भोळेपणाने चालवून भागणार नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (लूक १४). जेथे हाकेच्या अंतरावर आपल्या दोन-तीन शाळा अर्ध्या रिकाम्या उभ्या आहेत, तेथे त्यांनी एकत्र यावे. मुलांची आणि मुलींची शाळा वेगळीच हवी, ह्या धर्मसंघाची त्या धर्मसंघात मिसळायला नको, हा अभिमान आता परवडणारा नाही. आणि एखादी शाळा खरोखरच बंद करावी लागली, तर ती एका परिपत्रकाने बंद होऊ नये. पालकांना पुरेसा अवधी मिळावा, प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत स्वतः नेऊन पोहोचवावे, शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत कोणाच्याही पोटावर पाय येऊ नये, आणि ती वास्तू गरिबांच्या कामीच यावी.

शिवाय शहर नेहमीच ओसरत राहील, असे तरी कोणी सांगावे? बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबांना आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. वरळीतील पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. ह्या घरांत मुले वाढतील. त्यांना शाळा लागेल. त्या वेळी आपल्या शाळेच्या जागी वाहनतळ उभा असेल, तर त्या मुलांना आपण काय दाखविणार?

किंमत

यिर्मयाने सतरा शेकेल मोजले. आशेला किंमत पडते.

ही किंमत जगातील इतर ख्रिस्तसभांनाही मोजावी लागली आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे एके काळचे मोठे कारखान्यांचे शहर. १९५० साली त्याची लोकसंख्या वीस लाखांच्या वर होती; २००० साली ती पंधरा लाखांवर आली. जानेवारी २०१२ मध्ये तेथील महाधर्मप्रांतातील चार कॅथलिक माध्यमिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. माजी विद्यार्थी आणि पालक उठले, त्यांनी निधी उभारला, आणि पुढच्याच महिन्यात त्या चारही शाळा चालू राहतील असे महागुरुस्वामींनी जाहीर केले. पुढे माध्यमिक शाळांचे व्यवस्थापन एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आले. अर्थात सर्व काही वाचले असे नव्हे. २०२१ साली तेथील दुसऱ्या दोन माध्यमिक शाळा बंद झाल्याच. निधीने सवड मिळते, पण विद्यार्थी नसतील तर निधी पुरत नाही, हेही सत्य त्यातून शिकावे.

शिकागोत येशूसंघीयांनी १९९६ साली वेगळा मार्ग काढला. मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत त्यांनी ‘क्रिस्तो रे’ नावाची माध्यमिक शाळा काढली. तेथील विद्यार्थी महिन्यातील काही दिवस शहरातील कचेऱ्यांत काम करतात आणि त्या कामाचा मोबदला त्यांच्या शिक्षणखर्चासाठी वापरला जातो. आज अशा तीसहून अधिक शाळा आहेत. त्यांतील एक डेट्रॉइटमध्ये २००८ साली निघाली. मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर तेव्हा दिवसेंदिवस रिते होत होते, आणि त्याच वेळी ती शाळा तेथे उघडली. आपल्या देशातील कायदे व परिस्थिती निराळी असल्याने ही योजना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. पण ‘जाणाऱ्यांबरोबर जाणे’ हा एकच मार्ग नाही, एवढे त्यावरून कळते.

मग आपले सतरा शेकेल कोणते? माजी विद्यार्थ्यांनी रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढावी, जेवण करावे, हे चांगलेच. पण वर्षातून एकदा एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा व गणवेशाचा खर्च उचलणे त्याहून चांगले. निवृत्त शिक्षकाने आठवड्यातील दोन संध्याकाळी दहावीच्या मुलांस गणित शिकवावे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे मुलाने अभ्यास कोठे करावा? शाळा सुटल्यावर तिचे वर्ग कुलूपबंद ठेवण्याऐवजी रात्री नऊपर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावेत. त्याला लागतो एक दिवा, एक पंखा आणि जबाबदारी घेणारे एक माणूस. ज्या धर्मगुरूंवर आणि धर्मभगिनींवर शाळेची धुरा आहे, त्यांनी कार्यालयातून उठून महिन्यातून काही घरी जावे. चाळीच्या जिन्यावर जे कळते ते अहवालात कळत नाही. आणि आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे अशा एखाद्या कॅथलिक पालकाने आपले मूल मुद्दाम ह्याच शाळेत घातले, तर त्याने फार मोठे शेत विकत घेतले असे मी म्हणेन.

साक्षीदार

तिसरी गोष्ट साक्षीदारांची. यिर्मयाच्या खताची एक प्रत उघडी होती, म्हणजे ती कोणालाही वाचता येत होती. आपल्या शाळांचे भवितव्य पुष्कळदा मोहोरबंद प्रतीतच राहते. बैठक होते, ठराव होतो, आणि धर्मग्रामास वार्ता कळते ती वर्तमानपत्रातून. मग अफवा पिकतात, मने दुखावतात, न्यायालयाची पायरी चढली जाते. हे टाळणे शक्य आहे. दरवर्षी पट किती, तुकड्या किती, खर्च किती, तूट किती हे धर्मग्रामापुढे आणि पालकांपुढे मांडावे. ह्या पालकांत अख्रिस्ती पालकही आले. शाळा त्यांचीही आहे. ज्या माणसाला तूट दाखविली जात नाही, तो ती भरून काढण्यास पुढे येत नाही. प्रापंचिक श्रद्धावंतांत आज लेखापाल आहेत, वास्तुशास्त्रज्ञ आहेत, वकील आहेत. त्यांना केवळ सणाच्या समितीत न घालता शाळेच्या निर्णयात घ्यावे. आणि प्रापंचिकांनीही दुरून टीका करण्याचे सुख सोडून साक्षीदार म्हणून सही करण्याची जोखीम पत्करावी.

उरलेले तुकडे

बंधुभगिनींनो, पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना एक काम सांगितले. काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्याचे. जेवण झाले होते, लोक तृप्त होते, कोणी तुकडे मागितले नव्हते. तरीही ते त्याने गोळा करविले आणि बारा टोपल्या भरल्या. आपल्या शाळांतील तुकड्या आज कमी होत आहेत. अ, ब, क, ड होत्या. क आणि ड गेल्या, कोठे ब देखील गेली. जी एकच तुकडी उरली आहे, तिच्या बाकांवर जी मुले आहेत, त्यांच्याकडे उरलेसुरले म्हणून पाहावयाचे, की काही वाया जाऊ नये असे सांगणाऱ्या प्रभूच्या नजरेने पाहावयाचे, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. शाळा किती वर्षे टिकेल हे आपल्याला ठाऊक नाही. यिर्मयालाही आपल्या शेतात नांगर फिरवावयास मिळाला, असे पवित्र ग्रंथ सांगत नाही. त्याला फक्त खत करून ते मडक्यात ठेवावयाचे होते. तेवढे त्याने केले.

आपण प्रार्थना करू या : हे दयाघन पित्या, ज्या शहरांत यंत्रे थांबली तेथे तुझे कार्य थांबलेले नाही. आमच्या शाळांतील प्रत्येक मुलाचे नाव तुला ठाऊक आहे. पट मोजताना आम्हांस त्यांचे चेहरे दिसू देत. आमच्या अधिकाऱ्यांना सत्य पाहण्याचे धैर्य दे, आम्हां सर्वांना किंमत मोजण्याची उदारता दे, आणि तुझ्या अभिवचनाचे साक्षीदार होण्याची कृपा दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.